घटस्थापना, काशी

श्रीगणेशाला आणि शारदेला वंदन करून, ज्याच्या छायेत आमच्या घराण्याच्या पिढ्या वाढल्या त्या औंढ्याच्या नागनाथाचे स्मरण करून, आज आश्विन शुद्ध प्रतिपदेला हे लिहायला घेतले आहे. निमित्त घरचेच आहे. सकाळी घट बसले, पहिली माळ चढली, अखंड दिवा लागला, आणि नैवेद्याचे ताट उचलता उचलता सूनबाई म्हणाली, "बाबा, ती काशीची गोष्ट एकदा लिहून ठेवा. मी सांगते तेव्हा लोकांना ती थापच वाटते." देवापुढे उभे राहून केलेली मागणी टाळू नये, अशी आमच्या घरची रीत आहे.

आरंभीच एक सांगतो. मंगलाचरण कोठे करावे आणि कोठे आवरावे, हे मला उतारवयात शिकावे लागले. पुस्तकाचा वाचक सवड काढून, पाठ टेकून बसलेला असतो. म्हणून येथे मी ते निःसंकोच केले आहे. ज्याला पाठ टेकायला वेळ नसतो अशा वाचकाची गाठ पुढे पडेल.

तारुण्यात काही वर्षे काशीला राहून मी अध्ययन केले. परत आल्यावर हिंगोलीच्या शाळेत संस्कृत शिकवले, आणि सकाळ-संध्याकाळ पौरोहित्य केले. पंचक्रोशीतल्या कुटुंबांचे धर्मविधींविषयीचे प्रश्न आमच्या ओसरीवरच येत. नव्वदच्या दशकात घरी फोन आला आणि ते प्रश्न तारेवरून येऊ लागले. त्या काळी तालुका ओलांडला की एसटीडी लागे. नरसीच्या रस्त्यावर, डोंगरकड्याच्या बाजारात, सिद्धेश्वराकडे जाणाऱ्या फाट्यावर पिवळ्या पाटीचे बूथ उभे राहिले होते. काचेच्या त्या खोक्यात माणूस फोन कानाला लावून उभा असे आणि समोर तांबडे आकडे धावत असत. त्या आकड्यांच्या धाकाने माणसाची भाषा आखडे.

"गुरुजी, डोंगरकड्याहून बोलून राहिलो. वास्तू. भाड्याचं घर. चालते का?"

"गुरुजी, सुतक. मामेसासरे. धरायचं का न्हाई?"

धड वाक्य नाही, कर्ता नाही, नमस्कारसुद्धा अर्धा. आमची मंडळी, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि म्हणे, "हे लोक फोन करून राहिले का तार?"

मला मात्र त्यात आनंद वाटे. शब्दाच्या अपुरेपणाला आमच्या शास्त्रात आकांक्षा म्हणतात. कोणी नुसते 'दार' म्हणाले, तर ऐकणाऱ्याचे मन 'लाव' किंवा 'उघड' या पुढच्या शब्दाची वाट पाहत राहते. एक शब्द दुसऱ्याला मागतो. बूथवरच्या माणसाने बोललेले शब्द कानांनी ऐकायचे आणि न बोललेला शब्द मनाने ऐकायचा, याची मला हळूहळू सवय झाली. 'भाड्याचं घर' म्हणणाऱ्याला वास्तुशास्त्र नको होते. घरमालक काय म्हणेल, हे त्याचे खरे भय होते.

त्या वर्षांतला एक फोन मला विशेष आठवतो. नवरात्रातली पहाट होती. बाईमाणसाचा आवाज, बसलेला.

"गुरुजी, दिवा इझला."

आणि पुढे काहीच नाही. दूरवर कोणत्या तरी गाडीचा भोंगा ऐकू आला. इतक्या पहाटे ही बाई बूथवाल्याला उठवून आली असणार, एवढे मला कळले.

मी म्हणालो, "काही होत नाही, बाई. वात बदला, तेल घाला, पुन्हा लावा."

"पाप न्हाई ना?"

"न्हाई."

खट्कन फोन ठेवला गेला. आशीर्वादाचे शब्द माझ्या ओठांवरच राहिले.

पुढे हिंगोली जिल्ह्याचे ठिकाण झाले, बूथ कमी झाले, आणि आमच्या घरी सूनबाई आली. माझा मुलगा जवळच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरीला. त्याची बदली व्हायची नाही आणि त्याला ती नकोही होती. सूनबाईने संगणकाचे शिक्षण घेतलेले. लग्नाआधी औरंगाबादला एका कचेरीत ती लोकांच्या वेबसाइटी बांधून देत असे. हिंगोलीत तेव्हा तसले काम कोठून असणार? तिने घरातच संगणकाचा वर्ग काढून पाहिला, पण लोडशेडिंगच्या वेळापत्रकाने विद्यार्थ्यांपेक्षा अधिक नेमाने हजेरी लावली. तो वर्ग बंद पडला. सूनबाईने कधी तक्रार केली नाही. फक्त संगणकावर आच्छादन घालून ठेवलेले मला दिसे. विद्येला असे झाकून ठेवलेले पाहणे मला जड जाई.

अशात एका उन्हाळ्यात पुण्याच्या एका व्यापाऱ्याने तिला काम देऊ केले. तो पूजेचे सामान विकत असे आणि त्याने नवी वेबसाइट काढली होती. रात्रीच्या जेवणात सूनबाईने सगळे मांडले.

"ते म्हणतात, दसऱ्यापर्यंत लिहून दाखवा. लोक सर्च करून आपल्या पानावर आले, तर काम कायमचं. घरी बसून करायचं."

"आणि न्हाई आले तर?" मंडळींनी विचारले.

"औरंगाबादची जुनी कचेरी परत बोलावतेय, आई. तेही दसऱ्यापर्यंतच थांबणार आहेत." तिने ताटात पाहत म्हटले. "मला रिकामं बसवत नाही. मी जाईन म्हणते."

मुलगा भाकरी मोडत राहिला. त्याला ते आधीच माहीत असावे.

"म्हंजे नवरा कालव्यावर, बायको औरंगाबादला, अन् आमी दोघं इथं फोन उचलायला," मंडळी म्हणाली. मग तिच्या ताटात भाजी वाढत स्वर बदलून म्हणाली, "जाशील तर मी अडवणार न्हाई हां, पोरी. पण आधी हे करून बघ."

मी विचारले, "सूनबाई, हे काम म्हणजे नेमके काय?"

तिने समजावले. लोक आपला प्रश्न संगणकाच्या एका चौकटीत लिहितात. त्या शब्दांना कीवर्ड म्हणतात. कोणते शब्द किती लोक लिहितात, हे पाहण्याचे साधन असते. ते शब्द गोळा करायचे, प्रत्येक शब्दासाठी एक पान लिहायचे, त्या पानाला पोस्ट म्हणतात. पान चांगले असेल तर शोधणाऱ्याला ते वरच्या बाजूला दिसते आणि तो आत येतो. अशी ये-जा वाढली म्हणजे ट्रॅफिक वाढले.

"आणि प्रश्न कशाबद्दलचे?"

"पूजा, व्रत, वास्तू, सगळं तुमचंच, बाबा. म्हणूनच मी हो म्हणाले."

मी म्हणालो, "मग लेखन माझ्याकडे. टंकलेखन तुझ्याकडे."

पहिला लेख मी श्रावणात लिहिला. विषय होता सत्यनारायणाच्या पूजेला लागणारे साहित्य. मी चांगल्या कागदावर, शाईच्या पेनाने, आधी गणेशाचे, मग शारदेचे, मग गुरूंचे स्तवन केले. त्यानंतर 'साहित्य' या शब्दाची व्युत्पत्ती दिली. त्यानंतर द्रव्यशुद्धीचे महत्त्व सांगितले. तांदूळ, सुपारी आणि केळीचे खांब तिसऱ्या पानावर आले. शीर्षक दिले, 'सत्यनारायणपूजन-साहित्य-विमर्श'. सूनबाईने शीर्षक दोनदा वाचले आणि जसेच्या तसे उतरवले. ती नवी होती आणि मी तिचा सासरा होतो.

काही दिवसांनी ती पडद्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर सांगते."

"सांग."

"लोक पान उघडतात आणि लगेच जातात."

"लेखात दोष आहे?"

"दोष नाही. खूप सुंदर आहे. पण त्या माणसाला सुपारी किती घ्यायची ते पाहिजे होतं. वर सगळी शारदेची स्तुती आहे, त्याला वाटतं आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो."

मंडळी दारातून म्हणाली, "मी लग्न झाल्यापासून हेच सांगून राहिले. यांना कोणी विचारलं, गुरुजी, दुपारी घरी हायेत का, तर हे आधी 'दुपार' म्हंजे काय ते सांगतात."

मी हसलो खरा, पण मंगलाचरण काढण्याचा धीर मला झाला नाही. थोडे आखूड केले इतकेच. पुढचे दोन-तीन लेख तशाच गतीने गेले. व्यापाऱ्याचे फोन थोडे कोरडे येऊ लागले, आणि औरंगाबादहून आलेले पत्र सूनबाईने देवघराच्या कोनाड्यात ठेवले.

भाद्रपदात व्यापाऱ्याने नवरात्रासाठी शब्दांचा नवा कागद पाठवला. त्या काळी पुष्कळ लोकांना संगणकावर देवनागरी लिहिता येत नसे. मराठी शब्द ते इंग्रजी अक्षरांत लिहीत. त्यामुळे तो सगळा कागद इंग्रजी अक्षरांतल्या मराठीचा होता. आमच्याकडे महालक्ष्म्यांची तयारी चालू होती, सूनबाईचे हात फराळाच्या पिठात होते. मी म्हणालो, "मी वाचतो, मला इंग्रजी अक्षरे येतात." कागद घेऊन मी ओसरीवर बसलो. चष्मा पुसला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावले आणि वाचले: घटस्थापना, काशी.

माझे मन भरून आले. या यंत्रयुगात, कोठकोठे बसलेले इतके लोक काशीची घटस्थापना जाणू इच्छितात! माझ्या शिक्षणाची सारी वर्षे डोळ्यांपुढे उभी राहिली. गंगेकाठची शारदीय पहाट, पायऱ्यांवर ओल्या धोतराने चढणारे विद्यार्थी, देवीच्या मंदिरातली घंटा, फुलवाल्यांच्या टोपल्या. एका बैठकीत लेख पूर्ण झाला. मंगलाचरणही त्यात इतके सहज मिसळले की ते कोठे संपते हे मलाही दाखवता आले नसते. आयुष्यात मी थोडेफार चांगले लिहिले असेल, तर त्यात तो लेख मोडतो.

संध्याकाळी वीज आली तशी सूनबाई धावत आली, वीज पुन्हा जाण्याआधी टंकून पाठवून मोकळी झाली आणि पुन्हा पुरणाकडे वळली.

महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन घर निवांत झाले आणि पुण्याचा फोन आला. तो मीच उचलला होता, पण पलीकडच्याला 'मॅडम' हव्या होत्या. व्यापाऱ्याचा आवाज मोठा असल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मलाही सारे ऐकू येत होते.

"मॅडम, काशीवरचं वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईलाही वाचून दाखवलं. पण आपण परडी आणि मातीचे घट विकतो हो. काशीयात्रा विकत नाही!"

"मी बघते, सर," सूनबाई म्हणाली.

"लोक येतायत आणि जातायत. पितृपक्ष लागला की नवरात्र आलंच. मला दसऱ्याला निर्णय घ्यायचाय, तुम्हाला माहीत आहे."

फोन ठेवून तिने पदर खोचला. मग मला म्हणाली, "मला वाटलं होतं बाबा, तुम्ही काशीनं सुरुवात करून पुढे विधीकडे याल. मीही नीट वाचलं नाही, पुरणाच्या घाईत होते. पण काशी काहून?"

"काहून म्हणजे? कागदावर तसेच आहे."

त्या दुपारी ओसरीवर आम्ही तिघे होतो. मंडळी गवारीच्या शेंगा निवडत होती. सूनबाईने कागद आणला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"घटस्थापना कशी."

मी म्हणालो, "पुन्हा वाच."

"घटस्थापना कशी. म्हणजे कशी करायची."

"काशी," मी म्हणालो.

"कशी, बाबा."

इंग्रजी अक्षरांत दोहोंची वेशभूषा एकच असते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. मग मंडळींच्या हातातल्या शेंगा परातीत पडल्या. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"एवढी वर्षं काशीला राहिले," ती म्हणाली, "अन् 'कशी' तेवढं राहूनच गेलं!"

सूनबाईने प्रथम ओठ दाबून धरले, मग तिचाही बांध फुटला. मी हसायला लागलो तेव्हा चष्मा काढून ठेवावा लागला. कित्येक दिवसांत त्या ओसरीवर कोणी असे हसले नव्हते. दसऱ्याचे सावट आम्हा सर्वांवर होते, ते हसण्याने जरा बाजूला सरकले.

हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "सूनबाई, हा कागद मला देऊ नकोस. तू वाच, मी ऐकतो." मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. ती वाचू लागली.

"घट कसे बसवायचे. परडीत माती कोणती. घट भाड्याचं घर चालते का."

मी डोळे उघडले. तीच माणसे! तेच आखडलेले वाक्य, तोच न बोललेला शब्द. तांबडे आकडे धावत नव्हते, पण काचेच्या खोक्यातला तो माणूस आता संगणकाच्या चौकटीपुढे उभा होता. याच्याशी बोलण्याचा सराव मी अनेक वर्षे केला होता. डोळ्यांनी वाचायला गेलो म्हणून मी त्याला ओळखले नव्हते. कानांवर पडला तसा ओळखला.

"अजून आहे?" मी विचारले.

"एक आहे, पण तो नको. सरांनी त्यावर रेघ मारलीय. त्यात विकायला काही नाही म्हणतात."

"वाच तरी."

"दिवा विझला तर."

मी मंडळीकडे पाहिले, तिने माझ्याकडे. तो पहाटेचा फोन तिनेही स्वयंपाकघरातून ऐकला होता.

"हा आधी लिहू," मी म्हणालो.

"पण सरांनी..."

"सूनबाई, बाकीचे लोक सामान मागतात. हा माणूस घाबरलेला आहे. घाबरलेल्याला आधी उत्तर द्यावे."

तिने कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवले. तिचे काम पणाला लागले होते, माझे नव्हे, हे मी विसरलो नव्हतो. अखेर ती म्हणाली, "ठीक आहे. दोन्ही लिहू. घटाचं त्यांच्यासाठी आणि दिव्याचं आपल्यासाठी."

त्यानंतरचे दिवस मला अजून सुखाचे वाटतात. पितृपक्षात पौरोहित्याची धावपळ असे; पण दुपार आमची असे. सूनबाई बूथवरच्या माणसासारखी विचारी, "गुरुजी, परडीत काय?" आणि मी फोनवर सांगावे तसे सांगत असे. शेतातली काळी माती चाळून घ्या. गहू, ज्वारी जे घरात असेल ते पेरा. घटात पाणी, सुपारी, नाणे. तोंडाशी विड्याची पाने, वर नारळ. माळेला कारळाची फुले मिळाली तर उत्तम, झेंडू तर सगळीकडे मिळतो. ती बोटे चालवीत असे. मी 'मृत्तिका' म्हणालो की ती थांबून माझ्याकडे पाही. मी 'माती' म्हणे. बोटे पुन्हा चालू लागत. 'घटस्थापना' शीर्षकात ठेवली, पण आमच्याकडे सारे घट 'बसवतात', म्हणून पहिल्या वाक्यात तेच लिहिले.

एका गोष्टीत मी हटलो नाही. ज्यांना देवनागरी टंकता येते तेही पुष्कळ जण 'पूजा' हा शब्द ऱ्हस्व उकार देऊन शोधतात, तर आपणही एके ठिकाणी तसा लिहावा, असे तिचे म्हणणे होते. मी म्हणालो, "त्यांच्या बोलीत बोलेन, त्यांच्या चुकीत लिहिणार नाही." त्यावर आमचा वाद झाला आणि, देवीची साक्ष, तो आजही मिटलेला नाही.

मग दिव्याचे पान. कागद पुढे ओढला आणि पेन ठेवले. सवयीने हात वंदनाच्या अक्षराकडे निघाला होता.

"काय झालं, बाबा?"

"आरंभ."

मंडळींनी दारी आलेल्या पोस्टमनला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, ते मी पाहत होतो. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आमच्याकडे आधी पाणी पडते. कोण, कोठले, घरी सगळे बरे का, हे पाणी पिऊन झाल्यावर. आणि 'सुखी राहा' हे तो उंबरठा ओलांडून निघतो तेव्हा. आयुष्यभर ज्या घरात हे पाहिले, त्याच घरात बसून मी तहानलेल्याला दारात उभे करून स्तोत्र ऐकवीत होतो.

मी लिहिले: 'घाबरू नका. वात बदला, तेल घाला आणि दिवा पुन्हा लावा. यात पाप नाही.'

खाली थोडक्यात कारण दिले. वारा, तेल, वात यांचे धर्म देवीला माहीत आहेत. तिने पाहिला आहे तो तुमचा संकल्प, आणि तो विझलेला नाही. मग वात जाड कशी वळावी, दिव्याला आडोसा कसा करावा. अगदी शेवटी, निघणाऱ्या माणसाला म्हणावा तसा, दोन ओळींचा आशीर्वाद.

सूनबाईने वाचले. "मंगलाचरण खाली आलं," ती म्हणाली.

"ते आता निरोपाला उभे राहील."

नवरात्र आले. पहिल्या दिवशी घटाच्या पानावर बऱ्यापैकी लोक आले. व्यापाऱ्याने फोन करून समाधान सांगितले, पण निर्णय दसऱ्यालाच, हेही सांगितले. दिव्याच्या पानावर त्या दिवशी कोणी फिरकले नाही. सूनबाई म्हणाली, "आज सगळ्यांचे दिवे नवीन आहेत ना."

तिसऱ्या माळेच्या सकाळी मी संध्या आटोपून उठत होतो, तोच तिची हाक आली. "बाबा, इकडे या. आईंनाही घेऊन या."

कोणत्या शब्दांनी माणूस आला आणि कोणत्या गावाहून आला, हे त्या काळी तिच्या पडद्यावर दिसत असे. ती एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली.

"दिवा विझला काय करावे, नाशिक. अखंड ज्योत विझली तर, नागपूर. दिवा विझला पाप लागते का, सोलापूर. हे अमेरिकेतून आहे, बाबा. देवीचा दिवा शांत झाला. एवढंच."

'शांत झाला' म्हणणाऱ्याने 'विझला' हा शब्दही उच्चारायचे टाळले होते. त्या अर्ध्या ओळीतून मला ते घर दिसले. दूरदेशी, थंडीत, देव्हाऱ्यापुढे उभी असलेली कोणी तरी लेक. विचारायला शेजारी कोणी नाही.

"अन् ही बघा," सूनबाई म्हणाली. "हिंगोली."

मंडळी पुढे वाकली. "आपल्या गावचं माणूस? मग फोन काहून न्हाई केला यांना?"

"लाजलं असंल," सूनबाई म्हणाली. "मशीनला विचारायला लाज वाटत नाही."

मला ते पटले. समोरासमोर विचारायला धजत नाही असाही एक प्रश्नकर्ता असतो, आणि बूथच्या काचेआड तो थोडा अधिक धीट होई, हे मी पाहिलेच होते. आता काच आणखी दाट झाली होती इतकेच. त्या दिवसापासून नवमीपर्यंत रोज सकाळी पूजेनंतर आम्ही त्या ओळी ऐकत असू. कोणी पानावर येऊन थांबले, असे तिने सांगितले की मंडळी देव्हाऱ्याकडे पाहून म्हणे, "लागला बाई तिचा दिवा."

दसऱ्याला सकाळी शस्त्रांसोबत आम्ही सूनबाईचा संगणकही पुजला. त्यावर झेंडूची माळ घातली. आच्छादन घडी करून बाजूला ठेवले होते. दुपारी पुण्याचा फोन आला. सूनबाई आत जाऊन बोलली, आणि व्यापाऱ्याचा आवाज नेमका त्या दिवशी लहान होता. मला एवढेच ऐकू आले: "...दिव्याच्या पानावरून लोक वातींच्या पानावर जातायत, मॅडम. मी रेघ मारली होती ना त्याच्यावर?" पुढचे काही कळले नाही. मग तिने आणखी एक फोन लावला, तो औरंगाबादला.

मुलगा कालव्यावरून लवकर आला होता. सायंकाळी सोने वाटण्याची वेळ झाली. मी ओसरीवर बसलो होतो, शेजारी मंडळी. सूनबाई आपट्याची पाने घेऊन आली, वाकून नमस्कार केला, पाने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली,

"बाबा, राहिले."

मंडळी दचकली. "काय राहिलं, गं? नैवेद्य दाखवायचा राहिला का?"

मला मात्र त्या शब्दाची आकांक्षा पुरी झालेली ऐकू आली होती. कर्ता नव्हता, स्थळ नव्हते. काहीच कमी नव्हते. मी पाने डोळ्यांना लावली आणि मंडळीला म्हणालो, "नैवेद्य नव्हे. सूनबाई राहिली."

मंडळींनी तिला जवळ ओढले. मुलगा उगीचच झेंडूच्या माळेची गाठ पुन्हा बांधत राहिला.

या गोष्टीला आता काही नवरात्रे लोटली. कोनाड्यातल्या औरंगाबादच्या पत्राच्या जागी कापसाचे पेळू आणि वातींचा डबा असतो. सूनबाई शब्द वाचते, मी ऐकतो, आणि आमच्या पानांच्या आरंभी पाणी असते. काशीचा तो लेख काढून टाकावा असे व्यापाऱ्याला वाटत होते. पण त्याच्या आईने तो राहू द्यायला सांगितले. मधूनच कोणी तरी खरोखर काशी शोधत तेथे येतो आणि, सूनबाई सांगते, शेवटपर्यंत थांबतो.

आज प्रतिपदा आहे. माझ्या मागे देव्हाऱ्यात नवा दिवा तेवतो आहे, आणि सूनबाई दोनदा डोकावून गेली, झाले का लिहून म्हणून. वाचक, आपण सवडीने आत आलात, बसलात; आता उठण्याची वेळ झाली, म्हणून जे ओठांवर राखून ठेवले होते ते उंबरठ्याशी सांगतो. आपल्या घरी पेरलेले दाणे तरारून उगवोत. आपल्या घरची माणसे एका पंगतीला जेवोत, आणि जी दूर आहेत त्यांना विचारायला कोणी तरी जवळ असो. कोणाची विद्या आच्छादनाखाली न राहो. आणि आपला दिवा कधी वाऱ्याने शांत झालाच, तर तो पुन्हा लावणारा हात न कापो. जगदंबा त्या हातावर आपला हात ठेवो. शुभं भवतु.